रोमनेस्क कमानीचं शिल्प शाडू आणि प्लास्टरमध्ये: चौकट आधी, मूर्ती नंतर

गणपती घडवून तयार झालेला हात रोमनेस्क शैलीच्या, म्हणजे अकराव्या-बाराव्या शतकातल्या युरोपीय चर्चच्या, दर्शनी भागाकडे वळला की पहिली चूक ठरलेली असते: सुरुवात मूर्तीपासून होते. मूर्ती छान उतरते, मग तिच्याभोवती कमान बसवायला गेलं की डोकं तरी चौकटीबाहेर जातं, नाहीतर बाजूला ओसाड मैदान राहतं. त्या काळच्या युरोपातल्या पाथरवटांचा क्रम उलटा होता. दगड किती आणि कोणत्या आकाराचे हे आधी ठरे, आणि त्या आकारात मावण्यासाठी माणूस, सिंह, देवदूत वाकत, ताणले जात, मान मुरडत. पश्चिम फ्रान्समधल्या ओल्नेच्या चर्चवर बायबलमधले २४ वृद्ध कोरायचे होते, पण कमानीच्या त्या रांगेत वृद्ध बसलेत ३१. संख्या धर्मग्रंथाने सांगितली होती, पण शेवटी दगडांचं चाललं.

हे मार्गदर्शन एका लहान कमानीसाठी आहे: बाहेरून ७२ सेंमी रुंद, ४५ सेंमी उंच. शाडूत घडवायची, प्लास्टरचा एकदाच वापरायचा साचा काढायचा आणि प्लास्टरमध्येच ओतायची. रोज दोन-तीन तास दिले तर घडवायला आठवडा, साचा आणि ओतकाम मिळून दोन दिवस, आणि वाळायला मुंबईची हवा मागेल तेवढा वेळ.

भाग कोणते

रोमनेस्क दरवाजाच्या वर अर्धगोल कमान असते आणि तिच्या पोटातली मोकळी जागा एका अर्धवर्तुळाकार फलकाने भरलेली असते. याला टिंपॅनम म्हणतात. मुख्य प्रसंग इथे. त्याच्याखाली आडवी शिळा, आपल्याकडे गणेशपट्टी असते तिथे. फलकाभोवती पाचरीच्या आकाराच्या दगडांची एक किंवा अनेक वलयं, आणि दोन्ही बाजूंना खांब किंवा उभ्या मूर्ती, म्हणजे आपल्या द्वारशाखांची जागा.

नमुना म्हणून दक्षिण फ्रान्समधल्या आर्लच्या सँ-त्रोफीम या जुन्या कॅथेड्रलची मांडणी घ्यावी. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धातलं हे काम आहे आणि लहान आकारात उतरवायला सर्वांत सोपं: मधोमध बदामाकृती प्रभावळीत बसलेला ख्रिस्त, भोवती बायबलमधल्या चार शुभवर्तमानकारांची प्रतीकरूपं, खालच्या पट्टीवर बसलेले बारा शिष्य. फ्रान्समधल्याच ओतां या गावच्या कॅथेड्रलवरचा ‘अंतिम न्याय’ कितीही मोहात पाडणारा असला तरी पहिल्या प्रयत्नाला नको. तिथली गर्दी ७२ सेंमीत आणली की माणसं मुंग्यांएवढी होतात.

आधी एक सकाळ बघण्यात घालवा

मुंबईत अस्सल रोमनेस्क इमारत नाही, पण जवळचे नातेवाईक आहेत. क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे महात्मा फुले मंडई, १८६९ साली विल्यम एमर्सनच्या आराखड्यावर उभी राहिली. तिच्या शैलीचं वर्णन नॉर्मन आणि फ्लेमिश असं केलं जातं, आणि नॉर्मन हे इंग्लंडमधल्या रोमनेस्कचंच नाव. प्रवेशाच्या कमानींवरची उठावशिल्पं जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवणाऱ्या जॉन लॉकवुड किपलिंग यांची आहेत. शेतकरी कमानीत कसे बसवलेत ते बघा, पण अंगाचा गोलवा उचलू नका. तो एकोणिसाव्या शतकाचा आहे. तिथून चालत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर जा. तिथलं कोरीवकाम जे. जे.च्या विद्यार्थ्यांचं. कमानी टोकदार असल्या तरी खांबांच्या माथ्यावर पानांत दडलेले प्राणी रोमनेस्क सवयीचेच आहेत. हायकोर्टातलं तराजू धरलेलं माकडही त्याच कुळातलं.

सगळ्यांत उपयोगी धडा मात्र लोकलच्या टोकाला मिळतो. अंबरनाथचं शिवमंदिर शके ९८२ चं, म्हणजे इ. स. १०६० चं. युरोपात रोमनेस्क भरात येत होतं तोच हा काळ. दोन्हीकडच्या कारागिरांचा काही संबंध नाही, पण भिंतीच्या प्रत्येक कोनाने मूर्तीला किती जागा द्यायची हे तिथे दगडच ठरवतो. वहीत मूर्ती काढू नका, मूर्तीभोवतीची मोकळी जागा काढा. ती जागा जवळजवळ नसतेच, हे तेव्हा लक्षात येतं.

पूर्ण मापाचा आराखडा

खाकी कागदाचा मोठा ताव घ्या. खाली आडवी रेघ, तिच्या मध्यावर टोक ठेवून ३० सेंमी त्रिज्येचं अर्धवर्तुळ: हा फलक. त्याच मध्यावरून ३६ सेंमी त्रिज्येचं दुसरं: हे कमानीचं वलय. वलयाचे कोनमापकाने १२ अंशांचे १५ भाग पाडा. संख्या विषम हवी, म्हणजे माथ्यावर चावीचा दगड येतो आणि सांधा येत नाही. प्रत्येक दगड मधोमध सुमारे ७ सेंमी रुंद भरतो. आडव्या रेघेखाली ६० बाय ९ सेंमीची पट्टी, तिच्या दोन्ही टोकांना ६ बाय ९ चे दोन ठोकळे, कमान टेकायला.

आता बदाम. पायारेघेपासून १५ सेंमी उंचीवर एक आडवी रेघ, तिच्यावर मध्यरेषेच्या डावी-उजवीकडे साडेसात सेंमीवर दोन बिंदू. प्रत्येक बिंदूवरून १५ सेंमी त्रिज्येचं वर्तुळ काढा. दोन्ही वर्तुळं एकमेकांत शिरतात तो भाग २६ सेंमी उंच, १५ सेंमी रुंद बदाम होतो. वर-खाली दोन-दोन सेंमी किनारीला उरतात. हे माप हाताने अंदाजे काढलं की बदामाचा लिंबू होतो, म्हणून कंपासच वापरा. मोठा कंपास नसेल तर खिळा आणि दोरा नको, दोरा ताणतो. लाकडी पट्टीला दोन भोकं पाडून एकात खिळा, एकात पेन्सिल.

बदाम काढल्यावर उरलेल्या चार जागा नीट बघा. वरच्या दोन त्रिकोणी, निमुळत्या. खालच्या दोन आडव्या आणि लांबट. म्हणून वर पंख पसरणारे येतात, खाली चौपाये. बघणाऱ्याच्या डावीकडे वर मॅथ्यूचा देवदूत, उजवीकडे वर जॉनचा गरुड, डावीकडे खाली मार्कचा सिंह, उजवीकडे खाली ल्यूकचा बैल. क्रम बदलू नका, चर्चकला जाणणारा माणूस पहिल्यांदा तेच तपासतो. सिंह आणि बैल यांनाही पंख असतात. दोघांची धडं बाहेरच्या दिशेला, पण माना मुरडून ख्रिस्ताकडे. फ्रान्समधल्या म्वासाकच्या मठाच्या दरवाजावर ही मुरड इतकी ताणली आहे की मानेचं हाड मोडेल असं वाटतं. तेवढं धाडस करायला हरकत नाही. प्राणी सरळ समोर बघणारे केले की मांडणी चार वेगळ्या चित्रांची होते, एक राहत नाही.

ख्रिस्त बसलेला २२ सेंमी, डोकं साडेतीन सेंमी. उजवा हात आशीर्वादाचा, डाव्या हाताखाली मांडीवर ग्रंथ. पट्टीवरचे बारा शिष्य प्रत्येकी पाच सेंमी रुंदीत. ख्रिस्ताच्या मानाने ते एवढे लहान का, हा प्रश्न गैरलागू आहे. आकार महत्त्वावरून ठरतो, अंतरावरून नाही; पंढरपूरच्या छापील चित्रांतही विठोबा वारकऱ्यांपेक्षा मोठाच असतो.

फळी आणि माती

१९ मिमी मरीन प्लाय, ९० बाय ६० सेंमी. दोन हात ऑइल पेंट किंवा चपड्याचं पॉलिश द्या, नाहीतर प्लाय मातीतलं पाणी ओढून घेतो आणि माती पाठीकडून तडकते. आराखडा कार्बनने फळीवर उतरवा. आत दर सहा-सात सेंमीवर दीड सेंमी वर राहील असा स्क्रू मारा आणि स्क्रूंना गॅल्व्हनाइझ्ड तार गुंडाळा. काम उभ्या फळीवर करायचं आहे, स्क्रूशिवाय तिसऱ्या दिवशी सगळा थर खाली घसरतो. साधी लोखंडी तार गंजते आणि डाग मातीतून साच्यात जातो.

शाडूची कोरडी पूड १५ किलो, पाणी साडेचार ते पाच लिटर. पूड पाण्यात रात्रभर भिजू द्या, सकाळी चपातीच्या कणकेपेक्षा थोडी घट्ट मळा. मळताना बोटाला लागणारे खडे काढून टाका, नंतर ते नेमके चेहऱ्यात सापडतात. दोन सेंमी जाडीचा सपाट थर फळीवर दाबून बसवा. थोपटून लावू नका, अंगठ्याने रेटून लावा. थोपटलेल्या थरांमध्ये हवा राहते.

मग या कामातलं सर्वांत महत्त्वाचं साधन: फळीच्या दोन्ही कडांना सहा सेंमी उंचीच्या दोन लाकडी पट्ट्या ठोका आणि त्यांवर टेकेल अशी एक लांब सरळ फूटपट्टी जवळ ठेवा. दर अर्ध्या तासाने ती वरपासून खालपर्यंत सरकवा. मातीचा एकही भाग तिला अडता कामा नये. कारण असं की खरा पाथरवट सपाट शिळेत आत आत कोरत जातो. शिळेच्या मूळ पृष्ठभागाच्या बाहेर काहीच येऊ शकत नाही. मातीत काम करणारा मात्र भर घालत जातो, आणि बघता बघता नाक-गुडघे त्या अदृश्य शिळेबाहेर येतात. ते झालं की काम कितीही सफाईदार असो, ते कोरलेलं वाटत नाही, चिकटवलेलं वाटतं.

उठावाची मापं दोन सेंमीच्या सपाट थरापासून वर: किनार दीड सेंमी, शिष्य दोन, प्राणी अडीच, ख्रिस्ताचं डोकं साडेतीन, गुडघे चार. शक्य तितक्या गोष्टी या वरच्या पातळीला येऊन टेकू द्या आणि त्यांच्यामधल्या फटी खोल ठेवा. रोमनेस्कचा दाटपणा यातून येतो, तपशिलातून नाही.

घडवणं

उजेडाची सोय आधी करा. चर्चचं पूजास्थान पूर्वेला ठेवण्याची रीत असल्याने मुख्य दर्शनी भाग बहुधा पश्चिमेला येतो आणि दुपारनंतरचं ऊन त्यावर तिरकं पडतं. खोलीतली ट्यूबलाइट सगळीकडून सारखी पडते आणि उठाव खाऊन टाकते. ती बंद करा. डावीकडून वर एकच दिवा लावा. फळी ७०-७५ अंशांत उभी, आणि बदामाचा मध्य डोळ्यांच्या थोडा वर. खऱ्या दरवाजाकडे माणूस खालूनच बघतो, म्हणून वरच्या भागातली डोकी हलकी पुढे झुकवावी लागतात. टेबलावर आडवं ठेवून केलेलं काम भिंतीवर टांगल्यावर सगळे छताकडे बघताना दिसतात ते यामुळे.

आधी सगळ्या आकृतींचे नुसते ठोकळे बसवा, चेहरे नाहीत, बोटं नाहीत. या टप्प्यावर पाच-सहा पावलं मागे जाऊन डोळे किलकिले करा. अंधारी फट कुठेतरी मोठी वाटली तर तिथे पंख, वस्त्राचं टोक, ढगाची नागमोडी पट्टी, काहीतरी सरकवा. दोन दिवस फक्त ठोकळ्यांवर गेले तरी चालतील.

वस्त्राच्या चुण्या हा सगळ्यांत चुकणारा भाग. खऱ्या कापडाकडे बघून केलेल्या चुण्या इथे चालत नाहीत. रोमनेस्क चुणी म्हणजे एकमेकांवर सरकवलेल्या पातळ पाट्या: एक कड उचललेली, दुसरी उतरती, आणि अशा समांतर रांगा. लाकडी कोरणीची सपाट कड ३० अंशांत धरून ओढा, मग त्याच रेघेच्या बाजूने टोकदार कोरणीने एक बारीक खोल रेघ. गुडघ्यावर अंडाकृती वलयं. फ्रान्समधल्या वेझलेच्या चर्चच्या फलकावर ख्रिस्ताच्या मांडीवर भोवऱ्यासारखं वळण आहे, ते एकदा जमलं की हात सुटतो. गोल तारेच्या कोरणीने खोबणी ओढल्या तर शेवया दिसतात. तारेची कोरणी या टप्प्यावर दूरच ठेवलेली बरी.

डोळ्यांत बुबुळाच्या जागी भोक पाडा, रिफिलच्या टोकाएवढं, तीन-चार मिमी खोल. लांबून बघताना नजर त्या सावलीतूनच येते. केस आणि दाढी समांतर बटांत. हाताचे पंजे थोडे मोठेच ठेवा. बोटं सुटी करू नका, एकत्र धरलेली ठेवा. दगडातसुद्धा आधी मोडतात ती बोटंच.

वलयाच्या १५ दगडांवर एक दगड, एक आकृती: पान, पक्षी, मासा, माणसाचं डोकं. आकृतीचे पाय मध्याकडे, डोकं बाहेर. दगडांमधला सांधा एक मिमी रुंद रेघेने दाखवा आणि कोणतीही आकृती तो ओलांडू देऊ नका. ओल्नेच्या कमानीत वाद्य वाजवणारं गाढव आहे, तेव्हा विषयांचं सोवळं पाळायची गरज नाही. कोळीवाड्यातला पापलेट चालेल.

रोज काम थांबवताना ओलं सुती फडकं आणि वर प्लास्टिक. मे महिन्यात फडकं दुपारीही एकदा ओलं करावं लागतं. पावसाळ्यात उलट: माती मऊच राहते, बारीक रेघ धरत नाही. तासभर पंखा लावून वरचा थर जरा आवळू द्या.

साचा

२५ किलोची पीओपीची एक गोणी पुरते. गोणी उघडल्यावर आधी वाटीभर भिजवून बघा. अर्ध्या तासाने नख रुतत असेल तर माल ओल लागलेला आहे, परत करा. जून ते सप्टेंबरमध्ये हे हमखास घडतं.

फळीच्या मोकळ्या कडांना गोडेतेल लावा, मातीला काहीच लावायचं नाही. भोवती साडेआठ सेंमी उंच कुंपण. फळी आता आडवी. पहिला थर: दीड लिटर पाण्यात कपड्यांची नीळ घालून गडद करा, त्यात दोन किलो पीओपी चाळत सोडा. पाण्यात पूड टाकायची, पुडीत पाणी नाही. दोन मिनिटं तसंच राहू द्या, मग हात तळाशी ठेवून ढवळा, फेटू नका. हाताने शिंपडत आणि फुंकत हा निळा थर प्रत्येक फटीत घाला, जाडी पाच मिमी. तो दह्यासारखा आवळला की त्यावर शाडूचं पातळ पाणी ब्रशने फिरवा, फक्त कडेची चार बोटं सोडून. त्यामुळे वरचा थर पुढे फोडताना अलगद सुटतो.

दुसरा थर पांढरा: साधारण पावणेपाच लिटर पाणी आणि सव्वासहा किलो पीओपी, दोन वेळा करून. जाडी दोन सेंमी, आकाराच्या चढउताराला धरून. मागे लांबीच्या दिशेने ८ मिमीच्या रंग लावलेल्या दोन सळया प्लास्टरने चिकटवा. बादली प्रत्येक वेळी धुवा. तळाशी राहिलेला घट्ट खडा पुढचा घाणा पाच मिनिटांत आवळून टाकतो. वेळ कमी पडतो असं वाटलं तर पाण्यात चिमूटभर लिंबूसत्त्व. जास्त नको, प्लास्टर भुसभुशीत होतं.

दोन तासांनी स्क्रू फळीच्या मागून सोडवता येत असतील तर सोडवा, फळी वेगळी करा, माती तुकड्या-तुकड्याने काढा. तारा ओढू नका, कापा. साचा मऊ ब्रशने पाण्याखाली धुवा, पण ते पाणी मोरीत जाऊ देऊ नका. पीओपी पाइपमध्ये आवळतो आणि खालच्या मजल्याशी भांडण होतं. बादलीत निवळू द्या, गाळ कचऱ्यात.

ओतणं आणि फोडणं

धुण्याचा साबण १०० ग्रॅम किसून लिटरभर पाण्यात उकळा. ओल्या साच्याला तीन हात, प्रत्येक वेळी फेस पुसून. शेवटी तेलाचा अगदी पुसट हात. साबण फटीत साचला तर नाकडोळे बोथट येतात. साबण राहिलाच नाही तर साचा आणि मूर्ती एकजीव होतात. दुसरं जास्त वाईट.

दर्शनी थरासाठी दीड लिटर पाणी, सव्वादोन किलो पीओपी, थोडं घट्ट. साचा हलवत, आपटत भरा. नंतर साडेसहा किलो पीओपीमध्ये मोकळा केलेला काथ्या बुडवून दोन सेंमीचा पाठीचा थर, लालबागच्या कारखान्यात मूर्तीच्या आतून लावतात तसाच. टांगण्यासाठी जाड गॅल्व्हनाइझ्ड तारेचे दोन आकडे या थरात खोल रुतवा, वरच्या तिसऱ्या भागात.

फोडायची घाई दुसऱ्या दिवसापर्यंत आवरा. बोथट छिन्नी पृष्ठभागाला काटकोनात, हलके ठोके, कडेकडून मध्याकडे. पांढरा थर ढलप्यांनी सुटतो. निळा दिसला की ठोके निम्मे करा, खाली मूर्ती आहे. डोकी आणि हात शेवटी. एखादं नाक गेलं तर तुकडा जपून ठेवा आणि पातळ प्लास्टरने बसवा. ओतांमध्ये १७६६ साली धर्माधिकाऱ्यांनी जुनाट वाटणारा अख्खा फलक गिलाव्याखाली बुजवला, आणि ख्रिस्ताचं डोकं गिलाव्याच्या आड येत होतं म्हणून ते उडवलं. १८३७ मध्ये फलक पुन्हा उघडा झाला, डोकं मात्र १९४८ मध्ये जागेवर बसलं.

वाळायला हिवाळ्यात दहा दिवस, पावसाळ्यात तीन आठवडेही. गाल टेकवल्यावर गार लागतं तोवर आत पाणी आहे. त्याआधी रंग दिला तर पोपडे येतात आणि काळी बुरशी धरते. स्पेनमधल्या सांतियागो दे कोंपोस्तेलाच्या कॅथेड्रलच्या पोर्तिको दे ला ग्लोरिया या प्रवेशद्वारावर रंगाचे थर अजून दिसतात, तेव्हा रंगवणं चुकीचं नाही. लाल, निळा आणि सोनेरी, फार पातळ. नुसता पोरबंदरी दगडाचा भास हवा असेल तर पांढऱ्यात पिवडी, आणि फटींमध्ये पातळ करडा हात.

वाळल्यावर वजन १० ते ११ किलो भरतं, त्यामुळे भिंतीत दोन अँकर बोल्ट हवेत, खिळे नाहीत. पावसाच्या माऱ्यात बाल्कनीत लावू नका, पीओपी पाण्याने झिजतो. लोणा लागलेल्या भिंतीवरही नको. फ्रान्समधल्या पुआत्येच्या नोत्र-दाम-ला-ग्रांद चर्चच्या दर्शनी भागाची दगडं अशाच मिठाने पोखरली, कारण बाजारातले मीठवाले भिंतीला टेकून माल ठेवत. १९९० च्या दशकात त्याची मोठी दुरुस्ती करावी लागली. समुद्राकडच्या भिंतीपासून कमान दोन सेंमी सुटी ठेवा, मागे हवा खेळू द्या, आणि दिवा पुन्हा डावीकडून, वरून.